रहस्यपटात संशय नेहमी ठरावीक माणसांवरच का जातो?

मृण्मयी

काल दादरला रात्रीच्या खेळाला एक नवा हिंदी रहस्यपट पाहून आले. नाव लिहीत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांचा विरस नको. वरळीच्या एका टॉवरमध्ये चोविसाव्या मजल्यावर खून होतो, एवढं सांगितलं तरी पुरे.

गोष्ट मुंबईतली, त्यामुळे माणसं नाना तऱ्हेची आहेत. स्वयंपाकाची बाई मराठी, वॉचमन बिहारचा, भाडेकरू मुसलमान, खालच्या मजल्यावर एकटी राहणारी पारशी म्हातारी, सिग्नलवर एक तृतीयपंथी. जाहिरातीतही 'सगळी मुंबई एका इमारतीत' असा डांगोरा आहे. पण पाहताना मी अस्वस्थ होत गेले. यातल्या प्रत्येकावर कॅमेरा एकदा थांबतो, पार्श्वसंगीत घुमायला लागतं, आपण संशय घेतो आणि तिथेच ते पात्र संपतं. पुढे त्याला कामच नाही. हेवा, प्रेम, जुना हिशोब, डोकं, हे सगळं चोविसाव्या मजल्यावरच्या चौघांच्या वाट्याला.

म्हणून विचारते. रहस्यपटात सगळ्या थरांतली माणसं दिसली म्हणजे त्यांना न्याय मिळाला का? मला नाही वाटत. तुम्हाला काय वाटतं? अनुभव लिहा, सिनेमे सांगा, विरोधी मतंही येऊ देत.

मोहन_बोरिवली

आमच्याकडे सौभाग्यवती पहिल्या दहा मिनिटांत खुनी सांगतात आणि उरलेले दोन तास शांतपणे पॉपकॉर्न खातात. त्यांचा नियम एकच: 'ज्याच्यावर संगीत वाजलं तो नाही.' आजवर चुकलेल्या नाहीत. क्राइम ब्रँचने त्यांना घेऊन जावं, मी डबा पोचवीन.

सुशांत७७

मृण्मयी, विषय चांगला आहे, पण मी असहमत. रहस्यपटाचं काम रहस्य राखणं. लेखकाला आधीच सांगितलं की अमक्या समाजाचा माणूस खुनी दाखवू नकोस, तमक्याला वाईट दाखवू नकोस, तर उरतो कोण? प्रेक्षकही हुशार झालेत. अपंग, तृतीयपंथी किंवा अल्पसंख्य पात्र आलं की मी लगेच त्याचं नाव यादीतून खोडतो, कारण दिग्दर्शक धाडस करणार नाही हे मला ठाऊक असतं. म्हणजे तुमच्या या काळजीमुळे रहस्यच पातळ होतं. शंभर रुपयांची गोष्ट असेल तर तीत वीस रुपयांचा समाजसुधार नको, एवढंच माझं म्हणणं.

गिरगावचा_अप्पा

सुशांतराव, 'नोकर खुनी नको' हा नियम फार जुना आहे, आणि तो समाजसुधारकांनी केलेला नाही. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम लिहिले. त्यात एक असा की नोकराला गुन्हेगार करू नये. कारण काय दिलं, तर ते फार सोपं होतं, आणि गुन्हेगार कसा दखल घ्यावा असा माणूस हवा. म्हणजे नोकर दखल घेण्याजोगा नाही! पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्स या ब्रिटिश लेखकाने, जो कॅथलिक पाद्री होता, दहा आज्ञा लिहिल्या. पाचवी आज्ञा: गोष्टीत चिनी माणूस असता कामा नये. त्या काळच्या स्वस्त कथांमध्ये रहस्यमय चिनी खलनायकांचा इतका सुळसुळाट झाला होता की नॉक्सने त्या सवयीलाच चाप लावला.

दोन्ही नियमांना शंभर वर्षं होत आली. तेव्हाही परका माणूस एक तर हुकमी खलनायक, नाही तर सरळ गोष्टीबाहेर. मृण्मयीताईंचा प्रश्न आजचा वाटतो, पण तो तेव्हापासूनचा आहे.

अवांतर: लहानपणी गिरगावातल्या वाचनालयातून दोन आण्यांत बाबुराव अर्नाळकर आणायचो. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. धनंजय, झुंजार, काळा पहाड हे त्यांचे नायक. मिलमधून सुटलेला कामगार आणि शाळकरी पोर एकाच पुस्तकासाठी रांगेत असायचे. पण आता आठवायला बसलो तर रांगेतल्या त्या माणसासारखा कामगार नायक म्हणून मला एकही आठवत नाही.

स्नेहल_ठाणे

अप्पाकाका, मस्त माहिती. मराठीतलं एक उलट उदाहरण: 'बिनधास्त', १९९९, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी. पडद्यावर जवळपास सगळ्या बायकाच. खून बाईचा, संशय बायकांवर, तपास बाईचा. मी सातवीत होते. घरी येऊन आईला म्हटलं, 'यात सगळ्या मुलीच आहेत आणि कोणी कुणाची बायको म्हणून नाहीये.' तेव्हा मला 'प्रतिनिधित्व' हा शब्दही माहीत नव्हता, पण काहीतरी निराळं पाहिलं हे कळलं होतं.

सुशांत यांच्या मुद्द्याचं उत्तरही त्यात सापडतं. सगळ्याच बायका असल्या की एक बाई खुनी निघाल्याने 'बायका अशाच' असं कुणी म्हणत नाही. दहा माणसांत नऊ एका जातकुळीची आणि एक वेगळा असेल, तेव्हाच त्या एकाला सगळ्या समाजाचं ओझं वाहावं लागतं. त्याला खुनी केलं तर बदनामी, नाही केलं तर तुम्ही यादीतून खोडणार. उपाय सोपा आहे: एकाऐवजी तीन घ्या. एक भला, एक लबाड, एक कंटाळलेला. मग खोडा कुणाला खोडायचं ते.

सुशांत७७

स्नेहल, हे मात्र पटलं. 'एकाऐवजी तीन' हा तर्क रहस्याच्याही फायद्याचा आहे. पण दोन तासांत तेवढ्या पात्रांना जागा कुठून आणायची?

नाझ_मुंब्रा

जागेचं सांगते, भाऊ. जागा असते, फक्त ती संगीताला देतात.

मी मूळची रत्नागिरीकडची. आमच्या घरात कोकणी बोली चालते, आजी मला 'गो बाय' म्हणून हाक मारते, ईदला सांदणं होतात. पण सिनेमातला मुंबईचा मुसलमान कसा असतो? डोळ्यात सुरमा, गळ्यात ताईत, आणि 'जनाब' म्हटल्याशिवाय वाक्य संपत नाही. तो पडद्यावर आला की मागून अजान येते, रंग हिरवट होतो. त्याने फक्त दूध आणायला दार उघडलेलं असतं! मी थेटरात बसून विचार करते, आपल्या बाजूचा माणूस आत्ता काय समजत असेल?

कोकणी मुसलमान, बेने इस्रायली ज्यू, उत्तनपासून वसईपर्यंतचे ईस्ट इंडियन आणि इतर स्थानिक ख्रिस्ती, हे सगळे घरात मराठी किंवा मराठीची बोली बोलणारे. मुंबईच्या पडद्यावर तुम्ही त्यांना कधी मराठी बोलताना ऐकलंय? ईस्ट इंडियन माणूस म्हणजे 'क्या मॅन' म्हणणारा दारुडा, एवढंच ठरलेलं. रहस्यपटात तर भाषा हाच केवढा मोठा धागा होऊ शकतो. फोनवरचा आवाज शुद्ध मराठी बोलतो म्हणून पोलीस मुसलमान भाडेकरूला सोडून देतात, आणि आवाज त्याचाच असतो! मी आनंदाने असा खुनी मुसलमान पाहीन. निदान तो माझ्या घरातल्यासारखा बोलेल.

मृण्मयी

नाझ, तुझी ही एक कल्पना त्या अख्ख्या सिनेमापेक्षा सरस आहे. खरंच लिही.

क्लॅपवाला

मी बारा वर्षं सहायक दिग्दर्शक आहे, त्यामुळे आतलं थोडं सांगतो. वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये कास्टिंगची ऑफिसं आहेत, तिथे सकाळपासून पोरं रांगेत असतात. ऑडिशनच्या मेसेजमध्ये काय लिहिलेलं असतं माहितीये? 'मोलकरीण, वय ३० ते ४०, सावळी, लोअर क्लास लुक.' नाव नाही, स्वभाव नाही. मालकिणीच्या भूमिकेसाठी मात्र अर्धं पान. एका कामात सावळी नटी मिळूनही घेतली नाही, गोरी घेतली आणि रोज सकाळी पाऊण तास तिला काळपट रंग फासला. मी बाजूला उभा राहून कंटिन्युइटीचे फोटो काढत होतो, मानेचा रंग कालच्याशी जुळतो का ते बघायला. जिला नाकारलं ती खाली टपरीवर चहा पीत बसली होती. माझ्या फोनमध्ये तिचा ऑडिशनचा व्हिडिओ होता, आणि तिने फार सुंदर काम केलं होतं.

लेखकांच्या बैठकीत कुणी मुद्दाम वाईट वागत नाही. फक्त तिथे बसलेल्या सहाजणांपैकी कुणाच्या घरी धुणीभांडी करून कुणी वाढलेलं नसतं. त्यामुळे मोलकरणीला वाक्य काय द्यायचं, हे कुणालाच सुचत नाही.

परळची_वैशाली

क्लॅपवाला दादा, मग मी सांगते, मी तशा घरात वाढलेय.

आई तेवीस वर्षं धुणीभांडी आणि लादी करत होती. एका सोसायटीत रोज निघताना गेटवर वॉचमन तिची पिशवी तपासायचा. पिशवीत काय, तर डबा, छत्री आणि माझ्यासाठी कुणी दिलेली जुनी वही. मी सुट्टीच्या दिवशी सोबत जायचे, तेव्हा ती पिशवी स्वतःच आधी उघडून धरायची, त्याने मागायच्या आत. ते उघडून धरणं मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

एकदा तिथल्या एका बाईंची अंगठी हरवली. आईला तीन दिवस घरात घेतलं नाही, पोलिसांत देण्याची भाषा झाली. बाबांनी चाळीत कुणाला कळू नये म्हणून आवाज बंद करून टीव्ही लावून ठेवला. अंगठी चौथ्या दिवशी सापडली, मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत. कणीक मळायच्या आधी बाईंनीच काढून ठेवली होती. बोलावणं आलं, 'ये गं उद्यापासून, तू काय घरातलीच आहेस.' चहाचा कप तेव्हाही खिडकीतला वेगळा.

म्हणून मला 'नाइव्ह्ज आउट' (२०१९) लक्षात राहिला. त्यात मार्ता नावाची नर्स आहे. श्रीमंत घरातले सगळे तिला 'तू घरातलीच' म्हणतात, पण ती कुठल्या देशाची हे प्रत्येकजण वेगवेगळं सांगतो. कुणाला नक्की माहीतच नाही. अमेरिकेतला सिनेमा, पण मला ती सोसायटी दिसली. आणि ती मार्ता गोष्टीच्या मधोमध आहे. तिची भीती, तिचा चांगुलपणा, तिचं डोकं, यांच्यावर रहस्य चालतं.

मोहन_बोरिवली

वैशालीताई, मिसळणाचा डबा वाचून गलबललो. मघाशी गंमत लिहून गेलो, पण हे वाचल्यावर तो संगीताचा नियम वेगळाच वाटायला लागला.

माळावरचा

मी विमुक्त समाजातला. वैशालीताईंच्या आईवर तीन दिवस संशय आला, आमच्यावर तो जन्मापासून. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. अख्ख्या जमाती कागदावर जन्मजात चोर ठरल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती, तिथल्या गोष्टी मी पणजोबांच्या तोंडच्या ऐकल्यात. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला, आम्ही तो दिवस अजून साजरा करतो.

आता सिनेमातलं वाक्य आठवा: 'इलाक्यातले सगळे रेकॉर्डवाले उचला.' पडद्यावर ते तीन सेकंदांत होऊन जातं. चारसहा जण ओळीने उभे, एकाच्या कानाखाली, कट. प्रेक्षकांना ते तपासाचा वेग म्हणून दिसतं. मला त्या ओळीतला तिसरा माणूस कोण, त्याच्या घरी आज चूल पेटेल का, हे बघायचं असतं. तमिळ 'जय भीम' (२०२१) तिथूनच सुरू होतो. खोट्या चोरीच्या आरोपात उचललेला इरुळर जमातीचा माणूस, कोठडीतून तो गायब, आणि त्याची गरोदर बायको त्याला शोधत फिरते. १९९३च्या खऱ्या प्रकरणावर बेतलेला आहे. बघताना श्वास रोखून धरतो आपण. यापेक्षा चांगलं रहस्य कुठलं?

सुशांत७७

माळावरचा, 'जय भीम' मी पाहिलाय, पण रहस्यपट म्हणून कधी विचारच केला नव्हता. कोर्टपट म्हणून बघितला. नवऱ्याचं काय झालं हा प्रश्न शेवटपर्यंत ताणलेला आहे, हे अगदी खरं. वीस रुपयांचा समाजसुधार हे माझं वाक्य मी मागे घेतो.

देवयानी

मी पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री आहे. आमच्या बाबतीत तर आमचं शरीर हाच 'ट्विस्ट' असतो. खुनी बाई समजून पोलीस मागे लागतात, शेवटी विग निघतो, अख्खं थेटर 'अय्यो' करतं. 'सडक' (१९९१) मधल्या महाराणी या तृतीयपंथी खलपात्राने एक पिढी घाबरवली. सदाशिव अमरापूरकरांनी जबरदस्त काम केलं, फिल्मफेअरही मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण पुढे कितीतरी वर्षं मी रस्त्याने जाताना मागून 'महाराणी' अशी हाक यायची. नटाचा दोष नाही. पडद्यावर दुसरी कुणी नव्हतीच, हा दोष.

'पाताल लोक' (२०२०) या वेब मालिकेत चीनी नावाच्या पात्राचं काम मैरेम्बम रोनाल्डो सिंग या मणिपूरच्या पारलिंगी कलाकाराने केलं. चीनी आरोपी आहे, पण तिला लहानपण आहे, आशा आहे, कुणावर तरी जीव आहे. तिची गोष्ट कळल्यावर मी भाग थांबवून बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

२०१४च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला आमची ओळख स्वतः ठरवायचा हक्क दिला. सिनेमाने एवढंच करावं, ती ओळख शेवटच्या दहा मिनिटांत उघडकीला आणायचं गुपित म्हणून वापरू नये. माझ्याकडे दुसरी गुपितं आहेत. एखादीच्या खात्यात पैसे कुठून आले, ती मंगळवारी रात्री विरारला का गेली, ते दाखवा की!

स्पर्श

मी धागा स्क्रीन रीडरवर ऐकतोय. पूर्ण अंध आहे. पडद्यावर कोण दिसतं याच्या आधी माझा प्रश्न: पडदा मला कळतो का?

रहस्यपटात महत्त्वाचा पुरावा बहुतेक वेळा मुक्याने दाखवतात. कॅमेरा टेबलावरच्या चष्म्यावर जातो, सगळं थेटर हबकतं आणि मी शेजारच्याला कोपराने ढोसतो, 'काय झालं, काय झालं?' ध्वनिवर्णन, म्हणजे पडद्यावर काय दिसतंय ते सांगणारा आवाज, असेल तर तो चष्मा मलाही त्याच क्षणी कळतो. मार्च २०२४मध्ये केंद्राने चित्रपटगृहांसाठी याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं काढली, अंध आणि कर्णबधिर प्रेक्षकांसाठी. अजून तिकीट काढताना मी दरवेळी विचारतो, आणि खिडकीवरचा मुलगा दरवेळी म्हणतो, 'सर, ते काय असतं?'

पात्रांचं म्हणाल तर अंध माणूस दोनच प्रकारचा. एक, ज्याला पन्नास फुटांवरून श्वास ऐकू येतो. दोन, सोंग करणारा. 'अंधाधुन' (२०१८) मला आवडतो, गोष्ट पक्की आहे, पण तिथेही सोंगच. मी रोज दिव्यांगांच्या डब्यातून कल्याण ते भायखळा येतो. मला कुणाचा श्वास ऐकू येत नाही, पण तीन महिन्यांत डब्यातले बावीस लोक मी त्यांच्या पिशव्यांच्या आवाजावरून ओळखायला लागलो. ही दैवी शक्ती नाही, ही सवय आहे. साक्षीदार म्हणून मी फार कामाचा आहे हो.

स्नेहल_ठाणे

स्पर्श, पिशव्यांचा आवाज! देवयानीची विरारची मंगळवार रात्र, नाझचा फोनवरचा आवाज, तुमच्या पिशव्या. या धाग्यातच एक सिनेमा तयार होतोय.

क्लॅपवाला

मी सगळं उतरवून घेतोय, खरंच. आणि आठवलं म्हणून: रीमा कागतींचा 'तलाश' (२०१२) पुन्हा बघा. नवाजुद्दीनने केलेला तो लंगडा तैमूर. वस्तीतला कुणाच्या खिजगणतीतही नसलेला माणूस, पण त्याला स्वतःचा डाव आहे, कुणाला तरी घेऊन तिथून पळायचं स्वप्न आहे. नायकाला तो कळत नाही, आपल्याला कळतो. छोट्या भूमिकेला जागा कशी द्यायची याचा तो वस्तुपाठ आहे. सुशांत, तुम्ही जागेचं विचारलं होतंत ना, ती अशी मिळते.

मृण्मयी

सगळ्यांचे मनापासून आभार. मी प्रश्न विचारला तेव्हा माझ्या मनात मोजदाद होती, किती बायका, किती अल्पसंख्य, कुणाला किती मिनिटं. तुमचं वाचून तो प्रश्न बदलला. आता मला वाटतं, तपासात कुणाला विचारलं जातं, हे बघायला हवं. त्या सिनेमात स्वयंपाकाच्या बाईला पोलीस दोनदा दरडावतात, 'कुठे होतीस?' पण 'तुला काय दिसलं?' असं एकदाही विचारत नाहीत. त्या घरात ती अकरा वर्षं आहे.

परळची_वैशाली

मृण्मयी, तुझ्या वर्णनावरून सिनेमा ओळखला. काल रविवार होता, आईला भारतमाता सिनेमाच्या बाजूच्या गल्लीतून रिक्षाने... नाही, टॅक्सीने घेऊन गेले, आमच्याकडे रिक्षा कुठली. तिने सिनेमा शांतपणे पाहिला. मध्यंतरात मात्र म्हणाली, 'खून त्या बाईने नाही केला.'

मी विचारलं कशावरून, तर म्हणाली, 'लादी बघितलीस? ओली पुसलेली दाखवली, आणि फडका कुठे होता, आत खिडकीपाशी. म्हणजे पुसणारा दारापासून आत पुसत गेला. जन्मात कधी लादी न पुसलेला माणूस आहे तो. आपण आतून सुरू करतो आणि मागे सरकत दाराशी येतो, नाहीतर आपलेच पाय उमटतात. ज्याने पुसली तो तिकडेच अडकला असेल, वाळेपर्यंत.'

सिनेमात या लादीचा पुढे उल्लेखसुद्धा नाही. मांडणाऱ्याने फडका कुठेतरी ठेवायचा म्हणून ठेवला असणार. पण आई घरी येईपर्यंत तेच बोलत होती. पोलिसांनी तिला विचारायला पाहिजे होतं म्हणाली, एका मिनिटात सांगितलं असतं तिने.